पुस्तकांच्या कपाटातला थोत्साकान

शनिवार, २ ऑक्टोबर, बुद्ध संवत २५४७

आज देवळाच्या मंडपात एक तास दहा मिनिटं बोललो आणि पाण्याचा घोट एकदाच घेतला. बासष्टाव्या वर्षी एवढा दम राहतो याचं श्रेय मी कोंबड्यांच्या सहवासाला देतो, आणि भाषणाचा मुद्दाही तोच होता. "बांधवांनो," मी म्हणालो, "पन्नास वर्षं मी कोंबड्यांच्या तोंडाला तोंड लावून जगलो. मला काय झालं? काही नाही! छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. तिथे मला गालगुंड झाले, कांजिण्या झाल्या, दोनदा खरूज झाली, आणि ती सगळी तुमच्या मुलांनी दिली. मग सांगा, पोत्यात कोणाला भरायचं?" मंडप दणाणला. मागच्या रांगेतल्या दोन आया उठून गेल्या. त्यांना विनोद कळत नाही.

पण वेळ विनोदाची नाही. कोंबड्यांचा ताप पुन्हा आलाय म्हणे, आणि तो माणसांना होतो म्हणे. सरकारचं फर्मान निघालंय की या महिन्यात घरोघर पक्षी मोजायचे, आणि जिथे मेलेला सापडेल तिथले आसपासचे सगळे मारून पुरायचे. एकेका शेडमध्ये लाख कोंबड्या दाटीवाटीने कोंबणाऱ्यांचं पाप, आणि प्रायश्चित्त आमच्या झुंजीच्या कोंबड्यांनी घ्यायचं! परक्यांच्या कैदेत असताना आमच्या राजपुत्राने कोंबडा झुंजवून देशाची मान वर ठेवली, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. सुफान प्रांतातल्या कोंबडेवाल्यांची आमची संघटना दोनशे जणांची, मी तिचा चिटणीस. ठराव एकमताने मंजूर: झुंजीचा एकही कोंबडा देणार नाही.

घरी येऊन चलुआयला सगळं सांगितलं. माझी बायको अठरा वर्षं गावची आरोग्य स्वयंसेविका आहे. म्हाताऱ्यांचा रक्तदाब, बाळांची वजनं, रांजणांतल्या डासांच्या अळ्या. आता पक्षी मोजायचं कामही तिच्याच गळ्यात पडलंय. एक वही, एक तापमापक आणि मास्कचा खोका घेऊन आलीय. मी म्हणालो, "नवरा आघाडीवर आणि बायको शत्रूच्या छावणीत. इतिहासात असं फार क्वचित घडतं."

"आघाडीवर जाण्याआधी रांजणावर झाकण ठेवा," ती म्हणाली. "अळ्या झाल्यात."

सोमवार, ४ ऑक्टोबर

आज आमच्याच घराची मोजणी झाली. चलुआय स्वयंपाकघरातून निघाली, जिना उतरून खाली गेली, पायरीशी चपला काढल्या, पुन्हा जिना चढून वर आली आणि मला हात जोडून म्हणाली, "नमस्कार. घरमालकांचं नाव?"

"चलुआय, हा काय पोरखेळ?"

"नाव सांगा, गुरुजी. अजून एकवीस घरं व्हायचीत." बायकोही मला गुरुजीच म्हणते. सगळं गाव म्हणतं.

"थविन. निवृत्त शिक्षक. वक्ता."

"वक्ता असा रकाना नाही. घरात कोंबड्या, बदकं, इतर पक्षी किती?"

"शून्य," मी मंडपात बोलतो त्या आवाजात म्हणालो.

हे मी खोटं बोललो असं मानत नाही. माझ्या झुंजीच्या थोत्साकानला पक्ष्यांत मोजणं म्हणजे हत्तीला गुरांत मोजणं. सोनेरी मान, पांढरीशुभ्र शेपटी, सात झुंजी, सातही जिंकलेल्या. रामकथेतल्या थोत्साकानला दहा तोंडं होती, आमच्या थोत्साकानला एकच, पण ते दहांना भारी. शनिवारच्या सभेनंतर मी त्याला पुस्तकांच्या कपाटात हलवलंय, खालून दुसऱ्या खणात. विश्वकोशाचे तिसरा ते नववा खंड पलंगाखाली गेले. खणात पेंढा घातला, दाराला जाळी ठोकली, वर जुना पडदा टांगला. ज्ञानाच्या जागी शौर्य ठेवलं, एवढाच फरक.

नेमकं त्याच वेळी कपाट म्हणालं, "कॉक."

मी मोठ्याने खोकलो. कपाट पुन्हा म्हणालं, मी पुन्हा खोकलो. चलुआयने कपाटाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "खोकला कधीपासून?"

"आत्तापासून."

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घरी गेली. शून्यच लिहिलं असणार. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस कमावतो ती हीच निष्ठा.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

सांगुआनच्या सहा कोंबड्या सकाळी रांजणापाशी मरून पडलेल्या सापडल्या. सांगुआन न्हावी माझा लहानपणापासूनचा मित्र, दोन घरं टाकून राहतो, कालव्याकाठच्या झाडाखाली लोकांचे केस कापतो. त्याला विचारलं, "कशाने?" म्हणाला, "उन्हाने असेल, गुरुजी." आठवडाभर पाऊस पडतोय. मग म्हणाला, "नाहीतर पावसाने."

रविवारी सरावासाठी थोत्साकानला कपाटातून काढून मी सांगुआनच्याच अंगणात नेलं होतं. आज सकाळी त्याच्या घशात घरघर सुरू झाली. तुराही जरा जांभळट वाटला. राजाच्या अंगावर जांभळा शोभतो, पण घरघर शोभत नाही. तेव्हा माझे वडील जे करत, त्यांचे वडील जे करत, आणि झुंजीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये प्रत्येक इमानदार कोंबडेवाला जे करतो तेच मी केलं. त्याची मान हातावर घेतली, चोच तोंडात धरली आणि कफ ओढून बाहेर थुंकला. तीनदा ओढला. त्याला बरं वाटलं, मलाही. यात जे प्रेम आहे ते कुठल्या सरकारी पत्रकात लिहिलेलं नसतं.

मागे वळलो तर दारात चलुआय. भिक्षूंना वाढायच्या भाताचं भांडं हातात. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, कोंबड्यावरचं माझं प्रेम पाहून हिला भरून आलं.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"काय किती वेळा?"

"किती वेळा ओढलात, गुरुजी?"

"तीनदा."

ती खाली गेली, भिक्षूंना वाढलं, वर आली, मला साबणाने दोनदा तोंड धुवायला लावलं आणि वही काढून बसली. हिशेबी बाई आहे.

बुधवार, ६ ऑक्टोबर

घरात एक गोड बदल झालाय, तो नोंदवून ठेवतो. आजपासून मला निराळी थाळी! निळ्या काठाची, चिनी मातीची, पाहुण्यांसाठी वर ठेवलेली. चमचा आणि पेलाही निराळा. माझं अंथरूण ओटीवर घातलंय, कालव्याचा वारा येतो तिथे. चलुआय म्हणाली, "तुम्हाला भाषणं पाठ करायला निवांतपणा हवा." चाळीस वर्षांनी का होईना, हिला कळलं की आपण कोणाशी लग्न केलंय.

शिवाय सकाळी, दुपारी, संध्याकाळी ती माझ्याजवळ बसते, काखेत तापमापक ठेवते, मनगट धरते. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तिने माझा हात एवढा वेळ धरला नव्हता. तेव्हा मात्र रबरी हातमोजे नसत. तोंडाला मास्क लावते, विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांकडे जाते ना, सवय राहावी म्हणून." आणि माझी भाषणं ऐकते! आज चाळीस मिनिटं बोललो, मध्ये एकदाही उठली नाही. शेवटी म्हणाली, "आवाज स्वच्छ आहे."

असा अभिप्राय मला संघटनेतही कोणी दिला नाही.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

थोत्साकान गेला.

सकाळी पडदा सरकवला तर पेंढ्यावर मान टाकून पडला होता. डोळे मिटलेले. मी बराच वेळ कपाटापाशी जमिनीवर बसलो. काय लिहू? सात झुंजींत ज्याने पाठ फिरवली नाही, तो माझ्या कपाटात, इतिहास आणि वनस्पतिशास्त्राच्या मधल्या खणात गेला. हवा कमी पडली. मीच मारला त्याला. कैदेचं दुःख त्याला सोसलं नाही. दुसरं काही कारण असणं शक्य नाही.

चलुआय घरोघर गेली होती. मी मागच्या बाजूला गवती चहाच्या बुंध्याशी खड्डा खणला, हळद चोळलेल्या त्याच्या अंगाला शेवटचा हात लावला, एक उदबत्ती लावली. कोणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. सेनापती पडल्याचं सैन्याला सांगत नाहीत.

संध्याकाळी चलुआय म्हणाली, "हात धुतलेत? कोपरापर्यंत?" मी म्हणालो, "का?" ती म्हणाली, "नखांत माती आहे." आणि मग, मास्कच्या आड, फार हळू, "वाईट वाटलं मला, गुरुजी." कशाचं, ते मी विचारलं नाही. बहुधा नखांचं.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

गद्दारी!

सकाळी पांढऱ्या पोशाखातले नऊ जण गाडीतून उतरले. त्यांची पुढारी जिल्ह्याच्या पशुखात्यातली डॉक्टरीण रम्पाई, माझ्या मुलीपेक्षा लहान. आधी सांगुआनकडे गेले. त्याचे उरलेले सगळे कोंबडे पोत्यांत भरले. सांगुआन कात्री हातात धरून अंगणात उभा, गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने खुर्चीत. मग ती मंडळी माझ्याकडे आली, आणि कोणाला काही न विचारता सरळ कपाटाकडे गेली! खालून दुसरा खण! पडदा बाजूला! माझ्या घराचा असा नकाशा शत्रूला दिला कोणी?

पण खण रिकामा होता. मी बाहेर ओटीवर जाऊन जमलेल्या गर्दीसमोर हात उंचावला. "थोत्साकान सुरक्षित स्थळी आहे! तो तुमच्या हाती लागणार नाही!" लोकांनी जयजयकार केला. मी रडू आवरलं.

रम्पाईने माझ्याकडे पाहिलं नाही, चलुआयकडे पाहिलं. चलुआयने गवती चहाकडे पाहिलं. बायकांना अशा प्रसंगीही बागेचं सुचतं.

"गुरुजी," रम्पाई म्हणाली, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मला बरं वाटेल तेव्हा तुमची गाडी गावाबाहेर गेलेली असेल."

"चलुआय मावशी, मग रोज कळवत जा हं," ती म्हणाली. काय कळवायचं ते मला समजलं नाही. बहुधा डासांच्या अळ्या.

कपाटाचं फक्त सांगुआनला ठाऊक होतं. खिळे त्याच्याकडूनच आणले होते. आता आठवतंय, चलुआय रोज सकाळी वही घेऊन त्याच्याकडेही जाते. शत्रूच्या हेराकडून बातमी काढत असावी, बिचारी.

शनिवार, ९ ऑक्टोबर

सकाळी गवती चहाशी गेलो तर माती मोकळी झालेली आणि वर पांढरी पूड पसरलेली, देवळात आशीर्वादाला लावतात तसली. कोणीतरी भक्ताला समाधीचा सुगावा लागलेला दिसतो. मन भरून आलं. हात लावणार तेवढ्यात चलुआय खिडकीतून ओरडली, "तिकडे जाऊ नका! मुंग्या आहेत!" मुंग्यांची एवढी धास्ती तिला कधी नव्हती.

मंगळवारी जिल्ह्याच्या सभागृहात मोठी सभा आहे. भाषणाचा गद्दारावरचा भाग तिला म्हणून दाखवला:

"आपल्यात बसून, आपल्या ताटात जेवून, जो आपल्या घराची कुलपं शत्रूला दाखवतो, तो विषारी नाग..."

"नाग काढा," चलुआय म्हणाली.

"का?"

"बरं दिसत नाही. साधं 'एक माणूस' म्हणा. कदाचित त्याच्याकडे काही कारण असेल."

"गद्दाराला कारण नसतं!"

ती थोडा वेळ मास्कची दोरी सारखी करत राहिली. "असतं, गुरुजी. कधीकधी खोकणारं कारण असतं."

तिला वक्तृत्व कळत नाही. पण तापमापक पुन्हा काखेत ठेवला आणि मनगट धरलं, म्हणून वाद घातला नाही.

सोमवार, ११ ऑक्टोबर

काल घसा थोडा बसल्यासारखा होता, आज अंग जड आहे. सरावाचा ताण. भाषण पंचवीस मिनिटांत संपलं, दोनदा थांबलो. परिणामासाठी थांबलो.

गावात थोत्साकानची कीर्ती वाढतेय. कोणी म्हणतो तो सीमेपलीकडे पोचला, कोणी म्हणतो भिक्षूंच्या वस्त्राखाली लपलाय. दोघे जण ओटीच्या पायरीवर झेंडूचे हार ठेवून गेले. मी कोणालाच नाही म्हणत नाही. हे खोटं बोलणं आहे का? रात्रभर टोचत होतं. पण दोनशे माणसांना उभं करायला एक जिवंत कोंबडा लागतो, आणि माझ्याकडे तो नाही.

चलुआयने आज तापमापक पाच वेळा लावला. पाचव्यांदा आकडा वहीत लिहून म्हणाली, "उद्या सभेला जाऊ नका."

"का?"

"सदतीस नऊ."

"तो आकडा आहे, कारण नव्हे!" मी गरजलो. गरजताना खोकला आला.

ती म्हणाली, "ठीक आहे. मग मीही येते."

माझी बायको माझ्या सभेला! चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

बुधवार, १३ ऑक्टोबर. जिल्हा रुग्णालय, निराळी खोली

हात थकलाय, पण हे लिहिलंच पाहिजे.

काल सभागृह खच्चून भरलं होतं. दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या. पहिल्या रांगेत रम्पाई, कडेला मास्क लावून चलुआय. सांगुआन अगदी शेवटी एकटा. त्याच्या शेजारी कोणी बसेना, कारण सुरुवातीलाच मी बोट दाखवून त्याचा उद्धार केला होता. नागासकट. तो मान खाली घालून बसला.

मग मी मुद्द्यावर आलो. "मी छातीठोक सांगतो," मी छाती ठोकली, "की या रोगाचं माणसाशी काहीही, काहीही नातं..."

आणि खोकला आला. साधा नव्हे. आतून उन्मळून आला, थांबेना. डोळ्यांतून पाणी. टेबल धरून उभा राहिलो. मान वर केली तेव्हा एक आवाज ऐकला: दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या एकाच वेळी मागे सरकल्याचा.

मी एक पाऊल पुढे टाकलं. संघटना दोन पावलं मागे गेली.

"बांधवांनो!" मी म्हणालो. बांधव भिंतीला लागले. "झूट आहे हे, तुम्हीच टाळ्या वाजवल्यात!"

"वाजवल्या, गुरुजी," आमचे अध्यक्ष दाराच्या कडीला हात घालून म्हणाले, "पण लांबून वाजवल्या होत्या."

त्या गर्दीतून एकच माणूस पुढे आला. सांगुआन. हातात पाण्याचा पेला. "वाट द्या, त्यांना पाणी द्या," म्हणत येत होता. चलुआय ओरडली, "सांगुआन, थांब! मास्क लाव!" तो म्हणाला, "वहिनी, माझंही तुम्ही रोज मोजताच की. आता घाबरून काय करू?" पण मास्क लावला, आणि मला धरलं. ज्याला मी दहा मिनिटांपूर्वी नाग म्हटलं त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मी सभागृहाबाहेर आलो.

गाडीत रम्पाईने विचारलं, "गुरुजी, थोत्साकानच्या तोंडाला तोंड कधी लावलं होतं?"

उत्तर चलुआयने दिलं: "पाच तारखेला, सकाळी सात वाजता. तीनदा."

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

घशातला नमुना राजधानीच्या प्रयोगशाळेत गेलाय. कॅप्सूल दोन वेळा. जेवण दाराशी ठेवतात, पेज आणि खारवलेलं अंडं. अंडं पूर्ण उकडलेलं असतं, नर्स मुद्दाम फोडून दाखवते. शेजारच्या खोलीतला म्हातारा भिंतीवर ठोकून विचारतो, "कोंबडा कसा आहे?" गेला, असं मी अजून त्यालाही सांगितलेलं नाही.

पुरावा दाखवा म्हणून मी रम्पाईशी भांडलो. मला कोणी सांगावं की मी आजारी कधी झालो! तेव्हा तिने एक वही काचेच्या दाराखालून आत सरकवली. चलुआयची वही.

चार तारीख. "घर क्रमांक चौदा. मालक म्हणतात पक्षी ०. पक्षी १, पुस्तकांच्या कपाटात, खालून दुसरा खण. मालक कोंबड्यासाठी खोटं खोकले."

पाच तारीख. "सकाळी सात. माझ्या नवऱ्याने कोंबड्याचा कफ तोंडाने ओढला, तीनदा. डॉक्टरांना कपाटाचं कळवलं. दिवस पहिला." त्याखाली काही लिहून खोडलंय. शाई पसरलीय.

सहा. "ताप नाही. थाळी, चमचा, पेला वेगळा. भाषण चाळीस मिनिटं. आवाज स्वच्छ."

सात. "ताप नाही. कोंबडा मेला. गुरुजींनी गवती चहाशी पुरला. बोलले नाहीत, मीही नाही."

आठ. "दुपारी, गुरुजी झोपले असताना, कोंबडा काढून तपासणीला नेला. खड्ड्यात चुना टाकला. भाषण पस्तीस मिनिटं."

अकरा. "३७.९. भाषण पंचवीस मिनिटं. दोनदा थांबले. परिणामासाठी नाही."

गद्दार सापडला. आठवडाभर माझ्या समोर बसून माझं भाषण ऐकत होता आणि घड्याळ बघत होता.

मी वही मिटली. छत्तीस वर्षांत हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण माझ्यावर कोणी एवढ्या बारकाईने लिहिलेलं मला माहीत नाही.

मग एकदम सुचलं. माझी थाळी रोज धूत कोण होतं? चुन्याच्या खड्ड्यापाशी कोण होतं? सांगुआनचं मोजत होती, माझं मोजत होती. तिचं कोण मोजत होतं? पूर्ण वही चाळली. बावीस घरं, दोन पुरुष. तिचं नाव कुठेच नाही.

दुपारी ती काचेपलीकडे आली. मी काचेवर थापा मारल्या. "तापमापक काढ!"

"काय?"

"स्वतःला लाव! आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर!"

ती हसली असावी, मास्कमुळे कळलं नाही. काखेत लावून उभी राहिली. एवढी लांब दोन मिनिटं मी कुठल्या व्यासपीठावर अनुभवली नव्हती. मग तिने तो काचेला टेकवला. मी चष्मा चढवून वाचला: छत्तीस आठ. वहीच्या शेवटच्या पानावर मीच लिहिलं: "चलुआय. ३६.८." अक्षर वाकडं आलंय.

"उद्या पुन्हा," मी म्हणालो. "तीन वेळा."

रविवार, १७ ऑक्टोबर

रम्पाई दाराशी आली आणि बराच वेळ कागद सारखे करत राहिली. पुढारी असलो तरी मी घाबरलो.

"थोत्साकानला तोच रोग होता, गुरुजी. शंका नाही."

"आणि मला?"

"तुम्हाला साधा फ्लू आहे. माणसांचा. कोणातरी माणसाकडून आलेला, सभेत वगैरे."

शेजारच्या म्हाताऱ्याने भिंतीवर ठोकलं. मी ओरडलो, "मला माणसांपासून झालाय!" तो ओरडला, "मग माणसांना पोत्यात भरा!" माझ्याच भाषणातला मुद्दा. तो मंडपात होता तर.

पण मला हसू आलं नाही. रम्पाई म्हणाली, "तुम्ही सुटलात. सगळे सुटत नाहीत. तुमच्याइतकीच कोंबड्यांवर माया करणारे काही सुटले नाहीत." पन्नास वर्षांची जी माया मी पुरावा म्हणून देत आलो, तो पुरावा नव्हताच. ते नशीब होतं.

बुधवार, २० ऑक्टोबर

घरी. आधी सांगुआनकडे गेलो. तो दारातच खुर्ची झटकत होता. अंगण रिकामं, एक पीसही नाही.

"सांगुआन, मी चुकलो. गद्दार तू नव्हतास. माझी बायको होती."

"मला माहीत होतं, गुरुजी. माझ्या सहा कोंबड्या मेल्याचं वहिनींना मीच सांगितलं."

"म्हणजे गद्दार तू होतास!"

"हो. पण तुमच्या कपाटाचा नव्हतो." त्याने खुर्ची पुन्हा एकदा झटकली. "दोनशे माणसांत नाग म्हणालात. ते जाऊ दे. पण बोट दाखवून म्हणालात, हो. बसा, मान पुढे करा, केस वाढलेत."

त्याने केस कापले. एका बाजूला जरा जास्तच कापले. मी मान तशीच पुढे ठेवली.

नंतर गावच्या ध्वनिक्षेपकावरून बोललो. थोत्साकान कुठल्याही सुरक्षित स्थळी नाही, गवती चहापाशीही नाही, सात तारखेलाच गेला. मी खोटं बोललो. कफ मी ओढला. रोग खरा आहे. मग चलुआयने दिलेली वस्तू काय ती सांगितली: बाळांच्या नाकातला शेंबूड ओढायचा रबरी फुगा. दर कोंबडेवाल्याला एक, आरोग्य केंद्रात मोफत. दाबा, चोचीत घाला, सोडा. आणि आजारी कोंबडा असेल तर फुगाही नको, आधी चलुआयला कळवा. मर्दानगी तोंडात नसते, एवढंच शेवटी म्हणालो. संध्याकाळपर्यंत अध्यक्षांसकट एकेचाळीस जण गुपचूप फुगे घेऊन गेले. कोंबड्यांना आता तपासणीचा दाखला लावलेला, फोटोसकट पासपोर्ट देणार आहेत म्हणे. अध्यक्ष विचारत होते, फोटोसाठी तुऱ्याला तेल लावलं तर चालेल का.

घरी आल्यावर चलुआय म्हणाली, "अकरा मिनिटं. तुमचं सर्वांत लहान."

"आणि?"

"आवाज स्वच्छ होता."

गुरुवार, २८ ऑक्टोबर

आज वस्सा, भिक्षूंचा पावसाळी वर्षावास, संपला. पहाटे भिक्षूंना वाढून आलो. विश्वकोशाचे सात खंड पलंगाखालून काढून, पुसून, कपाटात परत लावले. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये पेंढ्याची एक काडी सापडली. ती तिथेच राहू दिली.

अंथरूण अजून ओटीवरच होतं, आणि रोज तीनदा तापमापक चालूच होता, आता दोघांचा. रुग्णालयातून आल्याला आज आठ दिवस झाले. दुपारी जेवायला बसलो. तळलेला मासा, मिरचीचा ठेचा, वाफाळता भात. पुढ्यात माझी जुनी, कड उडालेली थाळी. निळ्या काठाची कुठे दिसेना.

"चलुआय, माझी थाळी कुठे आहे?"

"हीच तर आहे."

"ती नव्हे. निळी. पाहुण्यांची."

तिने माझ्या थाळीत भात वाढला, आणि बसताना पहिला घास उचलला तो माझ्याच थाळीतून. मास्क लावलेला नव्हता.

"पाहुणे गेले," ती म्हणाली. "जेवा, गुरुजी. गार होतंय."